चुकलेली काटापावती डिलीट करू नका
(कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंग कारखान्यांसाठीचं आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या मालक आणि मुनीम मंडळींसाठी)

दसऱ्याच्या मुहूर्ताआधी नवीन आवृत्ती येते, तेव्हा जळगाव-धुळ्याकडचे मालक हमखास विचारतात, "भाऊ, कापूस खरेदीचा भाग आठ दिवस तपासता आणि रुई-सरकीची विक्री एका दिवसात उरकता. सगळं सारखंच तपासा ना!"

आम्ही चार माणसं आहोत. सगळं सारखं तपासत बसलो तर तुमचा हंगाम निघून जाईल. शिवाय चुका सगळीकडे सारख्या नसतातच. २००५ मध्ये एटी अँड टी कंपनीच्या मोठ्या सॉफ्टवेअरवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चुका कोणत्या फाइलींत निघतील याचा अंदाज आधीच बांधला होता. अंदाजात वर आलेल्या २० टक्के फाइलींतच प्रत्यक्षातल्या सरासरी ८३ टक्के चुका सापडल्या. अंदाज बांधायला फाइल किती मोठी, नवी की जुनी, मागच्या वेळी ती बदलली होती का आणि तिच्यात किती चुका निघाल्या, अशा गोष्टी पाहिल्या होत्या. आम्हीही दर आवृत्तीआधी चुका कुठे निघतील याची तशीच यादी करतो. वरच्या भागांना हाताने, एकेक काटापावती (गाडीच्या वजनाची पावती) काढून तपासतो; खालच्या भागांना संगणकाच्या ठरलेल्या चाचण्या लावतो. नव्या स्क्रीनचा इतिहास नसतो, म्हणून ती आम्ही संशयितच धरतो.

आता मुद्द्याचं. ही यादी तुम्ही कळवलेल्या चुकांवर उभी असते.

एका जिनिंगमध्ये भरलेल्या गाडीचं वजन झालं, आर्द्रता ११ टक्के लागली, ८ टक्क्यांवरच्या ओलाव्याची कपात बसली. मग रिकाम्या गाडीचं वजन दुरुस्त करायला मुनिमांनी पावती पुन्हा उघडली, तर कपात दुसऱ्यांदा बसली. शेतकरी समोर उभा, मागे गाड्यांची रांग. त्यांनी पावती डिलीट केली, नवी काढली आणि शेतकऱ्याला बरोबर पैसे दिले. माणूस प्रामाणिक, काम चोख. पण हे हंगामभर चाललं आणि आमच्या नोंदीत त्यातलं काहीच आलं नाही. पुढच्या वर्षी पावती-दुरुस्तीचा भाग आमच्या यादीत तळाला गेला, त्याला आम्ही अर्धा दिवस दिला, आणि तीच चूक आणखी दोन जिनिंगमध्ये निघाली. ती शोधायला नऊ दिवस गेले. मूळ पावती हाती असती तर एका दुपारचं काम होतं.

गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे (वासाने पतंग ओढणारे) लावतो, तेव्हा सलग तीन रात्री सापळ्यामागे दर रात्री आठ पतंग दिसले की फवारणीचं ठरवतो. कोणी रोज सकाळी मोजायच्या आधीच सापळा झटकला तर शेत निरोगीच दिसेल. डिलीट केलेली पावती म्हणजे तो झटकलेला सापळा.

म्हणून पावती चुकली तर ती 'रद्द' करा. रद्द पावती तिच्या नंबरासकट नोंदीत राहते, हिशोबात धरली जात नाही, आणि नवी लगेच काढता येते. रांग थांबत नाही. मग त्याच पावतीवरचं 'चूक कळवा' बटण दाबा. पावती नंबर, वेळ, आवृत्ती आणि आधीची-नंतरची वजनं आपोआप आमच्याकडे येतात. फोन जरूर करा, पण "सॉफ्टवेअर चुकतंय" एवढ्यावरून आम्हाला काही सापडत नाही. पावती नंबर सांगा. चूक तुम्ही तिथल्या तिथे निस्तरली असली तरी कळवा.

डिलीटचं बटण काढूनच टाका, असं काहींनी सुचवलं. नव्या मुनिमाच्या सरावाच्या पावत्या काढायला ते लागतं, म्हणून ठेवलंय. या आवृत्तीपासून ते फक्त मालकाच्या पासवर्डने चालेल.

'चूक कळवा'ची सोय वार्षिक देखभाल करारातच आहे, वेगळा पैसा नाही. करार संपला असेल तर पोळ्याच्या आसपास नूतनीकरण करून घ्या. करारातल्या प्रत्येक जिनिंगवर आमचा माणूस दसऱ्याआधी एक दुपार येऊन तुमच्याच मागच्या हंगामाच्या पावत्यांवर नवी आवृत्ती चालवून दाखवतो. त्या दिवशी काट्यावर रोज बसणारा माणूस हजर ठेवा.