तक्त्यातली रिकामी घरं

आठवीच्या वर्गाला अणू शिकवायला जाताना मी पिशवीत गेल्या वर्षीच्या कालनिर्णयचं एक पान नेतो. त्यातली एक चौकट ब्लेडनं कापून काढलेली असते. पान फळ्याला चिकटवायचं आणि विचारायचं, "इथं काय होतं?"

उत्तर यायला पाच सेकंदही लागत नाहीत. "सतरा तारीख." कशावरून? "वर सोळा आहे, खाली अठरा." वार कोणता? "बुधवार. ती अख्खी आडवी ओळच बुधवारची आहे ना!" मागच्या बाकावरून एक मुलगी सांगते, "षष्ठी असणार. वर पंचमी आहे नि खाली सप्तमी." तिला लगेच शेजारचा अडवतो. त्यानं आजीकडून ऐकलेलं असतं की तिथीचा काही नेम नसतो, एखादीचा क्षय होतो, एखादी दोन दिवस मुक्काम करते.

हा आक्षेप फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचा. तास संपायच्या आत तो लागतो.

मुलांनी आत्ता जे केलं तेच १८६९ साली रशियात सेंट पीटर्सबर्गच्या एका प्राध्यापकानं केलं, असं सांगितलं की त्यांना ते खरं वाटत नाही. मूलद्रव्यांची आवर्तसारणी म्हणजे प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा रंगीत, धूळ बसलेला तक्ता, आणि तो पाठ करायचा असतो, एवढंच त्यांना ठाऊक असतं. हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम... पाढ्यांच्या चालीत वीसपर्यंत. त्यापुढे चाल मोडते.

आपल्या पाठ्यपुस्तकांत अणूचं अंतरंग आठवीत येतं आणि मूलद्रव्यांचं आवर्ती वर्गीकरण दहावीत. म्हणजे आधी प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन, कवचं. मग दोन वर्षांनी तक्ता. मला हा क्रम पटत नाही. घडलं ते बरोब्बर उलटं: तक्ता १८६९चा, इलेक्ट्रॉन सापडला १८९७ साली, अणूचं केंद्रक १९११ साली. तक्त्यानं एक कोडं घातलं आणि अणूच्या पोटात डोकावल्यावर ते सुटलं. आपण मुलांना कोड्याआधीच उत्तर देऊन टाकतो, आणि वर त्यांना कुतूहल नाही म्हणून कुरकुरतो.

म्हणून मी सरळ पत्ते वाटतो. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू कापून केलेले पंधरा पत्ते. प्रत्येकावर मूलद्रव्याचं नाव, त्याचं अणुवस्तुमान आणि त्याला किती 'हात' आहेत तो आकडा. हात म्हणजे संयुजा. ऑक्सिजन दोन हायड्रोजन धरतो, पाणी होतं. त्याला दोन हात. नायट्रोजन तीन धरतो, अमोनिया होतो, त्याला तीन. कार्बनला चार. हायड्रोजन स्वतः बाजूला बसतो, आणि निष्क्रिय वायू (कुणाशी सहसा हात न मिळवणारे हेलियम, आर्गॉन वगैरे) पत्त्यांत नसतातच, कारण १८६९ साली ते कुणाच्या गावीही नव्हते.

मुलं पत्ते आधी वजनानं लावतात. लिथियमपासून कॅल्शियमपर्यंत एक लांबलचक रांग. मग मी म्हणतो, हातांचे आकडे मोठ्यानं वाचा. "एक, दोन, तीन, चार, तीन, दोन, एक." फ्लोरिनपाशी थांबतात. पुढे सोडियम: "एक, दोन, तीन..." आणि ॲल्युमिनियमनंतर एकदम "तीन, दोन, एक". तोपर्यंत वर्गाला ठेका लागलेला असतो आणि तो चुकल्याचं पहिल्या बाकावरच्याला कळतं. "सर, चार राहिला!"

राहिलेला नसतो, माझ्या खिशात असतो. पण मी कबूल होत नाही. तुम्हीच सांगा, कोण असेल तो. वजन? ॲल्युमिनियमचं २७, फॉस्फरसचं ३१, म्हणजे मधलं २९. हात चार. लांब रांग मोडून ओळी एकीखाली एक मांडल्या की रिकामी जागा कार्बनच्या बरोबर खाली येते. कार्बनच्या एका अणूला दोन ऑक्सिजन चिकटतात, तर यालाही दोनच चिकटावेत. एवढं झाल्यावर मी खिशातला पत्ता काढतो: सिलिकॉन, अणुवस्तुमान २८, हात चार. आणि त्याचं ते दोन ऑक्सिजनवालं संयुग पाहायचं असेल तर चपला घालून बाहेर चला, लांब उडीच्या खड्ड्यात भरलंय. वाळूचा बहुतेक भाग तेच असतं.

पीटर्सबर्गच्या त्या प्राध्यापकाकडे, दिमित्री मेंडेलीव्हकडे, पंधरा नव्हे, ६३ मूलद्रव्यं होती, आणि त्यातल्या कित्येकांची वजनं चुकीची मोजलेली. पहिला कच्चा आराखडा त्यानं ज्या कागदावर खरडला तो एका पत्राचा पाठकोरा भाग होता. पत्र होतं चीजच्या कारखान्यांच्या पाहणीबद्दलचं. त्याला ही मांडणी स्वप्नात दिसली, अशी एक गोष्ट सगळीकडे सांगतात. मी ती वर्गात सांगत नाही. ती ऐकीव आहे, आणि ऐकून मुलांना वाटतं की शास्त्रज्ञ व्हायला नुसतं झोपलं तरी चालतं. त्या वेळी तो विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचं पुस्तक लिहीत होता आणि कशानंतर काय घ्यायचं यावर अडला होता. सारणी निघाली ती अशा मास्तरकीच्या अडचणीतून.

गंमत म्हणजे त्या पहिल्या सारणीत एका स्वभावाची मूलद्रव्यं आडव्या ओळीत होती: फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन शेजारी शेजारी. थेट कालनिर्णयसारखं, जिथं सगळे बुधवार आडवे येतात. उभे स्तंभ पुढे रूढ झाले.

त्याची खरी छाती दिसते ती रिकाम्या घरांत. ठेका चुकला की तिथं कुणीतरी सापडायचं राहिलंय, असं तो धरून चालला. १८७१ साली त्यानं अशा तीन गैरहजर मूलद्रव्यांची वर्णनं छापली आणि त्यांना नावं दिली: एका-बोरॉन, एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन. हे 'एका' आपल्या संस्कृतातलं 'एक'. ॲल्युमिनियमच्या खाली एक घर, म्हणून एका-ॲल्युमिनियम. फळ्यावर हे लिहिलं की वर्ग उगाचच ताठ बसतो.

चार वर्षांनी, १८७५ साली, फ्रान्समध्ये लकॉक द बुआबोद्राँ याला जस्ताच्या खनिजात एक नवा धातू सापडला. त्यानं त्याला गॅलियम म्हटलं. मेंडेलीव्हनं वर्णन वाचून कळवलं की हा माझा एका-ॲल्युमिनियम. बुआबोद्राँनं धातूची घनता ४.७ मोजली होती. मेंडेलीव्हचं म्हणणं, ती ५.९च्या आसपास असायला हवी, नमुना नीट शुद्ध करून पुन्हा मोजा. विचार करा, ज्यानं धातू हातात धरलाय त्याला दूर पीटर्सबर्गहून एक माणूस सांगतोय की तुझं माप चुकलं, आणि या माणसानं तो धातू पाहिलेलासुद्धा नाही. बुआबोद्राँनं पुन्हा शुद्ध करून मोजलं. ५.९ आलं.

गॅलियम मुलांना आणखी एका कारणानं आवडतं. ते साधारण ३० अंश सेल्सिअसला वितळतं. तळहातावर ठेवलं की हळूहळू पाणी होतं. नागपूरच्या मे महिन्यात ते कपाटातल्या बाटलीत वितळलेलंच सापडेल.

मग १८७९ साली एका-बोरॉन सापडला, तो स्कँडियम. १८८६ साली जर्मनीत एका-सिलिकॉन, म्हणजे जर्मेनियम. मेंडेलीव्हनं अणुवस्तुमान सांगितलं होतं ७२, निघालं ७२.६. घनता सांगितली ५.५, निघाली साधारण ५.३.

आता कोपऱ्यातला आक्षेप, तिथीच्या क्षयाचा. तारखा क्रमानं येतात, पण तिथी कधी कधी गडबड करते. तशीच अणुवस्तुमानं गडबड करतात. टेल्युरियम १२७.६ आणि आयोडिन १२६.९. वजनानं लावायचं तर आयोडिन आधी यायला हवं, पण मग ते क्लोरिन-ब्रोमिनच्या ओळीतून निसटतं. मेंडेलीव्हनं स्वभावाला मान दिला, आयोडिन नंतर ठेवलं आणि टेल्युरियमचं वजन मोजताना चूक झाली असेल असं म्हटलं. वजन बरोबर होतं. वजन हा खरा क्रमांकच नव्हता. खरा क्रमांक १९१३ साली हेन्री मोझलीनं क्ष-किरणांवरून शोधला: केंद्रकातल्या धनप्रभारांची, म्हणजे प्रोटॉनची संख्या. टेल्युरियम ५२, आयोडिन ५३, मिटलं भांडण. दोनच वर्षांनी मोझली पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला मारला गेला. वय २७.

इथं प्रोटॉन हा शब्द वर्गात पहिल्यांदा येतो आणि मुलंच विचारतात, "पण ते एक-दोन-तीन-चार-तीन-दोन-एक का?" हा प्रश्न त्यांच्या तोंडून येईपर्यंत मी अणूची आकृती काढत नाही.

अणू केवढा? तांब्याच्या पत्र्याची २८ सेंटिमीटरची पट्टी घ्या. मधोमध कापा, अर्धी टाका, उरलेली पुन्हा मधोमध. आठव्या कापाला मिलिमीटरभर तुकडा उरतो आणि कात्री हात टेकते. अणूपर्यंत पोचायला किती काप लागतील, असं विचारलं तर लाख, कोटी अशी उत्तरं येतात. एकूण तीस. तिसाव्या कापाला तुकड्याची रुंदी तांब्याच्या एका अणूएवढी होते.

आणि अणूच्या आत? हायड्रोजनचं केंद्रक खसखशीच्या दाण्याएवढं केलं, तर अणूचा घेर शाळेच्या पटांगणाएवढा होईल: साठेक मीटर रुंद, मधोमध खसखशीचा एक दाणा, आणि बाकीच्या सगळ्या जागेत मिळून एक इलेक्ट्रॉन. पुस्तकातली आकृती यापुढे फसवी वाटते, आणि वाटू द्यावी. इलेक्ट्रॉन ग्रहांसारखे गोल फिरत नाहीत. पण कवचांचा हिशेब आठवीला पुरतो: पहिल्यात दोन मावतात, दुसऱ्यात आठ. लिथियमकडे तीन, म्हणजे बाहेरच्या कवचात एक. सोडियमकडे अकरा: दोन, आठ आणि पुन्हा बाहेर एक. म्हणून दोघांना एकेकच हात. चारपर्यंत हात वाढत जातात. त्यानंतर आठ पुरे करायला जेवढे कमी पडतात तेवढेच हात उरतात: तीन, दोन, एक. पत्त्यांचा ठेका इथून आलेला.

आपल्या मुलांचा एक घोळ वेगळाच असतो. आपण ज्याला अणू म्हणतो त्याला हिंदीत परमाणु म्हणतात, आणि हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू. रात्री हिंदी व्हिडिओ बघून आलेला मुलगा सकाळी ठामपणे सांगतो, "पाण्याचा अणू असतो." त्याला चूक म्हणण्याआधी विचारावं, कुठल्या भाषेत?

निष्क्रिय वायूंसाठी मेंडेलीव्हनं एकही घर ठेवलं नव्हतं. १८९४ साली आर्गॉन सापडला तेव्हा हा तीन नायट्रोजनचा रेणू असेल, अशी शंका त्यानं घेतली. शेवटी सारणीला आख्खा नवा स्तंभ जोडावा लागला, कॅलेंडरात अधिक महिना घुसावा तसा. त्या स्तंभाच्या टोकावर बसलेल्या हेलियमचं आपल्याकडे कौतुक फार. विजयदुर्गावरच्या साहेबाच्या कट्ट्यावरून १८६८ साली इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरनं हेलियम शोधला, असं सहलीला गेलेलं प्रत्येक मूल ऐकून येतं. त्या ऑगस्टमधल्या खग्रास ग्रहणात सूर्याचा प्रकाश तपासायला फ्रान्सचा जान्सेन गुंटूरला होता. लॉकियर तेव्हा इंग्लंडात, आणि सूर्याच्या प्रकाशातली एक अनोळखी पिवळी रेषा, जी पुढे हेलियमची ठरली, त्यानं ऑक्टोबरमध्ये तिथूनच तपासली. विजयदुर्गला तो आला जानेवारी १८९८च्या ग्रहणाला. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅमझीनं हेलियम पृथ्वीवरच्या खनिजात शोधूनही तीन वर्षं झाली होती. हे सांगितलं की कोकणातल्या आजोळची मुलं जरा रुसतात. कट्टा खरा आहे रे, साल तेवढं बदला.

आज सारणीत ११८ मूलद्रव्यं आहेत आणि सातवी ओळ पूर्ण भरलेली आहे, एकही घर रिकामं नाही. गेल्या खेपेला एका मुलानं भिंतीवरच्या तक्त्याजवळ जाऊन बोट खाली खाली नेलं, लिथियम, सोडियम, पोटॅशियम, पार फ्रान्सियमपर्यंत, आणि मग तक्त्याच्या खालच्या भिंतीवर टेकवलं. "११९वं इथं येणार?" हो, तिथंच. जपानमध्ये क्युरियमवर व्हॅनेडियमचा मारा करून ते घडवायची खटपट चालू आहे, अजून हाती लागलेलं नाही. त्याच तासाला त्यांनी सोडियमचा मुगाएवढा तुकडा पाण्यावर सैरावैरा पळताना पाहिला होता. पोटॅशियम त्याहून भडकतं, जांभळट ज्योतीनं पेटतं, हेही ऐकलं होतं.

त्यानं एक कोरा पत्ता मागून घेतला. तास संपल्यावर पत्ते गोळा करताना तो मला गठ्ठ्यात सापडला. वर लिहिलं होतं 'एका-फ्रान्सियम', खाली 'हात: एक', आणि त्याखाली लाल पेननं: 'पाण्यात टाकू नये.'