क्ले बार

मोटारीच्या रंगात रुतलेले, धुऊन न निघणारे कण उचलून घेणारा चिकट, लवचीक गोळा. नावात क्ले असले तरी ही कुंभाराची माती नव्हे. कृत्रिम बहुवारिकात, म्हणजे पॉलिमरमध्ये, अतिशय बारीक घर्षक मिसळून तो बनवतात. हे तंत्र जपानमधून आले आणि 1990च्या दशकात इतरत्र पसरले. मऊ, मध्यम आणि कडक असे प्रकार मिळतात. घरच्या वापरासाठी मऊच घ्यावा.

गोव्यात या गोळ्याला काम भरपूर. ब्रेक झिजून उडणारा लोखंडाचा चुरा, डांबराचे शिंतोडे, वास्कोच्या बाजूला मुरगाव बंदरातल्या कोळशाची भुकटी, आंब्याखाली गाडी लावली की टपावर बसणारा चिकटा. लोखंडाचा कण रंगात रुतून दमट हवेत गंजतो आणि पांढऱ्या गाडीवर तांबूस ठिपके उमटतात. पुष्कळ जण त्याला आतून आलेला गंज समजून थेट पेंटरकडे धावतात. गाडी धुतल्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोनेटवरून बोटे फिरवली, की नुसत्या हाताला न कळणारी खरखर स्पष्ट लागते.

डिचोली, उसगाव, कुडचडे या खाणींच्या भागातल्या रस्त्यांवरची तांबडी धूळ मात्र क्लेने काढायची नसते. ती पाण्याने जाते, आणि पाण्यानेच घालवावी. बहुतेक गाड्यांचा रंग बिघडतो तो याच चुकीने. धूळ नीट न धुता गोळा फिरवला, तर खनिजाचा कण त्यात अडकतो आणि गोळ्याचा पॉलिश पेपर होतो. रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ. तेव्हा आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग शाम्पू, पुन्हा पाणी.

गाडी सावलीत आणि पत्रा थंड हवा. गोळ्याचा छोटा तुकडा मळून तीन बोटांखाली मावेल इतका चपटा करतात. दोन वितींच्या भागावर खास स्प्रे किंवा शाम्पूचे पाणी सढळ हाताने मारून तो सरळ रेषेत, पुढे-मागे, जवळजवळ वजन न देता सरकवतात. गोल फिरवू नये. सुरुवातीला तो अडखळतो, बारीक खसखस ऐकू येते. मग आवाज थांबतो आणि तुकडा तेल लावलेल्या पाटावरून जावा तसा सुळकन सरकतो. तेवढा भाग झाला. उलटून पाहिले तर त्यावर तपकिरी पट्टा दिसतो. तो आत दुमडून, मळून स्वच्छ बाजू वर घेतात. तुकडा जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्यावा. धुऊन चालतो असे सांगणारे भेटतात, त्यांचे ऐकू नये.

क्लेने ओरखडे जात नाहीत. मॅट रंगावर आणि नुकत्याच रंगवलेल्या पत्र्यावर तो वापरत नाहीत. वर्षातून एकदा, फार तर दोनदा पुरे. आपल्याकडे पाऊस सरल्यावर, दसऱ्याच्या आधीची वेळ सोयीची. मात्र क्लेबरोबर जुने मेणही निघून जाते, म्हणून त्याच दिवशी नवे वॅक्स चढवावे लागते. नाही तर पूजेत बोनेटवर काढलेल्या स्वस्तिकाची हळद उघड्या रंगावरच बसते.