सोलकढीने गायिकेचा आवाज बसतो?

‘संगीत नाटकातल्या नटीने सोलकढी प्यायली की आंबट स्वरतंतूंना लागतं, आवाज बसतो,’ हा मेसेज कोकणात वर्षानुवर्षं फिरतोय, तोही काळजीपोटी. पण घोट स्वरतंतूंवरून जातच नाही. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, स्वरतंतू मिटतात, वरचं झाकण पडतं आणि घोट मागच्या अन्ननलिकेत उतरतो. कंठावर बोट ठेवून गिळून बघा, तो वर सरकतो. गिळताना सूर धरून बघा, तुटतोच. चुकून थेंब आत गेला तर ठसका लागतो.

आवाज बसतो तो बहुधा ताणून गाण्याने किंवा सर्दीने. रात्रीच्या प्रयोगानंतर भरपेट जेवून लगेच आडवं झालं तर पोटातलं आम्ल घशाशी येतं, तो त्रास मात्र खरा. घोगरेपणा 3 आठवडे टिकला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.