युफोर्बियाची पानं गळली की लगेच पाणी घालू नका
आमच्याकडून काटेरी युफोर्बिया नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तुम्ही नेलेलं झाड युफोर्बिया मिली या जातीचं आहे. बऱ्याच ठिकाणी ते नुसतं 'युफोर्बिया' किंवा 'क्राउन ऑफ थॉर्न्स' या नावानं विकलं जातं. ते मूळचं मादागास्करचं. १८२१ मध्ये मिलियस नावाच्या गव्हर्नरनं ते फ्रान्समध्ये नेलं आणि जातीच्या नावातलं 'मिली' त्याच्यावरून पडलं. मोठ्या फुलांचे संकरित वाण मात्र पुष्कळ नंतर, मुख्यतः थायलंडमध्ये तयार झाले. काटे पाहून अनेकांना हे कॅक्टस वाटतं, पण त्याचं कूळ वेगळं आहे. शेर आणि पॉइन्सेटिया हे त्याचे जवळचे नातलग. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती पॉइन्सेटियासारखीच रंगीत पानं असतात, खरी फुलं मधोमध अगदी बारीक असतात. म्हणूनच हा बहर आठवडेच्या आठवडे टिकतो.

पानगळीबद्दल

झाड घरी नेल्यावर पहिल्या काही दिवसांत थोडी पानं पिवळी पडून गळतील. जागा बदलली, उजेड कमी झाला, की हे झाड पानं टाकतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. खरा घोटाळा पुढे होतो. पानं गळताना पाहून माणूस पाणी घालतो, माती ओली राहते, मुळं कुजू लागतात, आणखी पानं गळतात आणि मग आणखी पाणी घातलं जातं. हे झाड तहानेनं क्वचितच मरतं. ते मरतं पाण्यानं, आणि तेही आपल्या मायेपोटी घातलेल्या पाण्यानं. म्हणून पानं गळताना दिसली तर झारी बाजूला ठेवा आणि आधी कुंडी उचलून बघा.

कुंडी हलकी, माती आतपर्यंत कोरडी आणि खोड टणक असेल तर झाडाला पाणी हवं आहे. कुंडी जड लागत असेल आणि तरीही पानं पिवळी पडत असतील तर पाणी जास्त झालंय. माती पूर्ण वाळेपर्यंत थांबा. खोडाचा तळ काळपट आणि मऊ झाला असेल तर कुजणं सुरू झालेलं आहे. अशा वेळी खालचा भाग वाचवण्यात वेळ घालवू नका. वरची निरोगी फांदी कापून तिचं नवं रोप करा, ते कसं ते पुढे दिलं आहे. आणि माती, खोड सगळं ठीक असूनही पानं जात असतील तर झाडाला उजेड कमी पडतोय किंवा थंडी लागतेय.

जुन्या खोडावरून गेलेली पानं सहसा त्याच जागी परत येत नाहीत, नवी पानं शेंड्याकडेच येतात. खोड फारच उघडं दिसू लागलं तर शेंडा छाटा. छाटल्या जागेखालून फांद्या फुटतात आणि झाड भरतं.

पाणी नेहमी वरची दोनतीन सेंटीमीटर माती सुकल्यावरच द्या, पण देताना तळातून बाहेर येईपर्यंत द्या. रोज कपभर पाणी घालणं ही सगळ्यात वाईट पद्धत. बशीत साठलेलं पाणी ओतून टाका. थंडीत झाडाची वाढ मंदावते, तेव्हा दोन पाण्यांमधलं अंतर वाढवा. शिंपडायचं असेल तर मातीवर, पानांवर नको, कारण सतत ओली राहणाऱ्या पानांवर बुरशीचे डाग पडतात.

घरात आणि बाहेर

घरातली सर्वात उजेडाची खिडकी या झाडाला द्या. दिवसातून तीनचार तास थेट ऊन मिळालं तर फुलं येत राहतात. सावलीत झाड जगतं, पण फुलत नाही आणि फांद्या लांबट, लुळ्या होतात. खिडकीत ठेवलेलं झाड उजेडाकडे झुकतं, म्हणून आठवड्यातून एकदा कुंडी थोडी फिरवा. एसीच्या झोतात ठेवू नका.

बाहेर ते घरापेक्षा कितीतरी जास्त फुलतं. जमत असेल तर त्याला बाहेरच ठेवा, असं आम्ही आवर्जून सांगतो. मात्र घरातलं झाड उचलून एकदम कडक उन्हात ठेवलं तर पानं भाजतात आणि त्यांवर पांढरट-तपकिरी चट्टे पडतात. पहिले आठदहा दिवस सावली, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण ऊन, असं सवयीनं न्या. संततधार पावसात कुंडी आडोशाला घ्या. रात्रीचं तापमान १२ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ लागलं की झाड आत आणा. हिमकण पडले तर ते टिकत नाही. आत आणण्यापूर्वी पानांची खालची बाजू आणि फांद्यांचे सांधे तपासा. कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. ते स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं पुसून काढा.

माती पाणी धरून ठेवणारी नको. अर्धी साधी कुंडीची माती आणि अर्धी जाड वाळू किंवा पर्लाइट (मातीत मिसळायचे हलके पांढरे खडे) पुरेसं होतं. झाड नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) असेल तर पुढच्या कुंडीबदलाच्या वेळी ते झटकून टाका. कुंडी दर दोन वर्षांनी बदला आणि नवी कुंडी एकच माप मोठी घ्या. खत वाढीच्या महिन्यांत, सौम्य करून, महिन्यातून एकदा.

चिकाची काळजी

हा भाग कृपया घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. फांदी किंवा पान मोडलं की पांढरा चीक येतो. तो कातडीला लागला तर आग होते, पुरळ येऊ शकतं. डोळ्यात गेला तर गंभीर इजा होऊ शकते. छाटणी करताना जाड हातमोजे आणि चष्मा घाला आणि त्या हातांनी तोंडाला हात लावू नका. चीक कातडीला लागला तर लगेच साबणानं धुवा. डोळ्यात गेला तर किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा आणि डॉक्टरकडे जा. झाड पोटात गेल्यास माणसांना आणि कुत्र्यामांजरांनाही अपायकारक आहे. रांगतं मूल असेल तर कुंडी त्याच्या हाताला लागणार नाही अशी उंचावर ठेवा. काटे दोनतीन सेंटीमीटरचे असतात, त्यामुळे जायच्यायायच्या वाटेवरही ती नको.

नवं रोप

शेंड्याकडचा आठदहा सेंटीमीटरचा तुकडा धारदार सुरीनं कापा. कापलेलं टोक कोमट पाण्यात धरा, चीक थांबतो. मूळ झाडाच्या जखमेवरही पाणी फवारा. तुकडा सावलीत काही दिवस, जखम कोरडी होऊन खपली धरेपर्यंत, तसाच ठेवा आणि मग जेमतेम ओलसर वाळूमिश्रित मातीत लावा. ताजा तुकडा लगेच लावला तर तो बहुधा कुजतो. हवा उबदार असेल तर काही आठवड्यांत मुळं धरतात.

झाडाचं काय बिघडलंय ते कळत नसेल तर काटे सांभाळत कुंडी आणायची गरज नाही. तीन फोटो आणा: पूर्ण झाड, खोडाचा तळ जवळून, आणि झाड ठेवलंय ती जागा दुपारच्या वेळी. शेवटचं पाणी कधी घातलं तेही आठवून सांगा.