औषध-पेटंट आणि परवडणारी औषधे

औषधाच्या शोधकाला ठरावीक काळापुरती मक्तेदारी देणारा पेटंट कायदा आणि तेच औषध गरीब रुग्णाला परवडावे ही गरज, यांतील संघर्षाचा हा विषय असून खानदेशात तो सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होणारा आनुवंशिक आजार) आणि क्षयरोग या आजारांच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा ठरतो. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव, अक्कलकुवा या सातपुड्यातील तालुक्यांत भिल्ल व पावरा समाजांमध्ये सिकलसेल आढळतो. त्यावर नेहमी दिले जाणारे हायड्रॉक्सियुरिया हे रसायन १८६९ मध्येच तयार झाले होते; आज त्यावर कोणाचीही मक्तेदारी नसल्यामुळे त्याच्या कॅप्सूल अनेक कंपन्या बनवतात आणि त्या स्वस्त मिळतात. नव्या औषधांच्या बाबतीत मात्र रुग्णाचे भवितव्य बरेचसे कायद्याच्या कलमांवर अवलंबून असते.

पेटंट कायद्याचा फेरविचार करणाऱ्या अय्यंगार समितीच्या १९५९ च्या अहवालावर आधारलेल्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाला नव्हे, तर केवळ ते बनवण्याच्या पद्धतीला पेटंट दिले. त्यामुळे वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवण्याची मुभा भारतीय कारखान्यांना मिळाली आणि २००१ मध्ये सिप्ला या भारतीय कंपनीने एड्सवरील तीन औषधांचा एकत्रित उपचार एका रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. पेटंटधारक कंपन्यांच्या औषधांना तेव्हा १०,००० डॉलरहून अधिक खर्च येई. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १ जानेवारी २००५ पासून भारताला औषधांवरही २० वर्षांचे पेटंट द्यावे लागले. मात्र संसदेने त्याच वेळी कलम ३(ड) कायद्यात घातले. जुन्या औषधाच्या नव्या रूपाची परिणामकारकता लक्षणीयरीत्या वाढलेली नसेल, तर त्याला पेटंट नाकारणारे हे कलम विकसनशील देशांसाठी भारताने घालून दिलेला मोलाचा पायंडा आहे. याच कलमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाबाबतचा नोव्हार्टिस या स्विस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला.

पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणतीही व्यक्ती त्यास हरकत घेऊ शकते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरील बेडाक्विलिन या गोळीच्या क्षाररूपावर (मूळ औषधाच्याच एका वेगळ्या रासायनिक रूपावर) जॉन्सन अँड जॉन्सन या अमेरिकी कंपनीने पेटंट मागितले, तेव्हा मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी हरकत नोंदवली. दोघीही क्षयातून बऱ्या झाल्या होत्या, परंतु जुन्या उपचारांच्या दुष्परिणामाने त्यांची श्रवणशक्ती गेली होती. मार्च २०२३ मध्ये तो अर्ज नामंजूर झाला आणि जुलैमध्ये मूळ पेटंट संपल्यावर इतर उत्पादकांना ती गोळी बनवण्याची वाट मोकळी झाली.

पेटंट मिळून तीन वर्षे झाल्यावरही औषध वाजवी दरात उपलब्ध नसेल, तर पेटंट कायद्याच्या कलम ८४ अन्वये दुसऱ्या उत्पादकाला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना औषध बनवण्याची परवानगी, देता येतो. मार्च २०१२ मध्ये नॅटको कंपनीला असा परवाना मिळाल्याने मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील सोराफेनिबच्या १२० गोळ्यांची, म्हणजे महिनाभराच्या उपचाराची, किंमत सुमारे २,८०,००० रुपयांवरून ८,८०० रुपयांवर आली. नॅटकोने पेटंटधारक बायर कंपनीला विक्रीवर आधी ६ आणि पुढे ७ टक्के स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) द्यावे, असा आदेश झाला, म्हणजे शोधकाचा हक्कही बुडाला नाही. असे असूनही या कलमाखाली भारतात त्यानंतर दुसऱ्या कोणत्याही औषधाला परवाना देण्यात आलेला नाही.