कचरा ते इंधन: एका शब्दावरचा वाद

कचरा जाळणे जुने आहे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला १८७४ मध्ये त्यासाठी खास भट्टी उभी राहिली. पण तिच्यात कचरा आला तसा जाई. धातू, काच, माती वेगळी काढून उरलेले बारीक करायचे आणि त्याचे इंधन, म्हणजे आरडीएफ (रिफ्यूज-डिराइव्ड फ्युएल), तयार करायचे, या कल्पनेला १९७०च्या दशकातल्या तेलटंचाईने जोर दिला. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या एम्स शहराने असे इंधन कोळशाबरोबर वीजकेंद्रात जाळायला सुरुवात केली. पुढे तेल स्वस्त झाले आणि उत्साह ओसरला.

दुसरी लाट युरोपात आली, ती ऊर्जेसाठी नव्हे तर भरावभूमी, म्हणजे कचरा पुरण्याची जागा, वाचवण्यासाठी. १९९९च्या युरोपीय निर्देशाने, म्हणजे सदस्य देशांना बांधणाऱ्या कायद्याने, भरावात जाणारा कुजणारा कचरा टप्प्याटप्प्याने कमी करायला लावले. जर्मनीने जून २००५ पासून प्रक्रिया न केलेला कचरा पुरणेच थांबवले. पुरता न येणाऱ्या कचऱ्याचे आरडीएफ होऊ लागले आणि त्याचे ढीग साठू लागले.

खरा पेच मात्र शब्दाचा होता. जाळणे ही 'पुनर्प्राप्ती' (कचऱ्याचा उपयोग करून घेणे) की 'विल्हेवाट' (तो नुसता संपवणे)? पुनर्प्राप्ती ठरली तर कचरा सीमेपार नेणे सोपे, विल्हेवाट ठरली तर अडवता येतो. १३ फेब्रुवारी २००३ रोजी युरोपीय न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. सिमेंटभट्टीत कचरा खऱ्या इंधनाची जागा घेतो, म्हणून ती पुनर्प्राप्ती. घरगुती कचऱ्याच्या दाहनभट्टीचा मुख्य हेतू कचरा संपवणे हा असेल, तर उष्णता वापरली तरी ती विल्हेवाटच. माझ्या मते ही रेषा योग्य होती.

२००८च्या निर्देशाने ती पुसली आणि दाहनभट्टी कचऱ्यातून किती ऊर्जा काढते याला गुण देणारे सूत्र आणले. जुन्या प्रकल्पांना ०.६०, २००९ पासूनच्यांना ०.६५ गाठले की पुनर्प्राप्तीचा दर्जा. हे आकडे कार्यक्षमतेचे म्हणून सर्रास सांगितले जातात, आणि ते चूक आहे. सूत्रात विजेला २.६ ने आणि उष्णतेला १.१ ने गुणतात. त्यामुळे फक्त वीज बनवणारा प्रकल्प कचऱ्यातल्या ऊर्जेच्या साधारण पाव भागाची वीज करूनही उंबरठा ओलांडतो. २०१५ मध्ये उष्ण प्रदेशांतल्या प्रकल्पांसाठी आणखी एक गुणक जोडून तो सोपा केला गेला.

अशा इंधनाच्या दर्जाचे युरोपीय मानक यानंतर, २०११ मध्ये आले. त्यात बसणाऱ्या इंधनाला एसआरएफ (सॉलिड रिकव्हर्ड फ्युएल) म्हणतात. उष्मांक, क्लोरीन आणि पारा या तीन कसोट्यांवर त्याची प्रत्येकी पाच वर्गांत विभागणी होते. क्लोरीन बॉयलरच्या नळ्या गंजवते आणि सिमेंटभट्टीत साचते, म्हणून विकत घेणारा आधी तोच आकडा विचारतो. नुसत्या 'आरडीएफ' या नावामागे अशी कोणतीही हमी नसते.