पस्तिशीत अमेरिका गाठणारे जपानी पिचर

जपानी बेसबॉलमधल्या योमिउरी जायंट्स संघाचा पिचर (चेंडू फेकणारा) तोमोयुकी सुगानो २०२४ मध्ये १५ सामने जिंकून, फक्त ३ हरून सेंट्रल लीगचा, म्हणजे जपानच्या दोन मुख्य लीगपैकी एकीचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्यानंतर अमेरिकेतल्या बाल्टिमोर ओरिओल्सने त्याला एका वर्षासाठी १ कोटी ३० लाख डॉलर देऊन नेले. वय ३५. एवढा चांगला खेळाडू इतक्या उशिरा का निघाला, याचं उत्तर त्याच्या वयात शोधू नये. ते बऱ्याच अंशी जपानी बेसबॉलच्या करारांमध्ये आहे.

गोष्ट सुरू होते १९६४ मध्ये. नानकाई हॉक्स या जपानी संघाने १९ वर्षांच्या पिचर मासानोरी मुराकामीला अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे शिकायला पाठवलं. पोरगा इतका चांगला निघाला की सप्टेंबरमध्ये थेट मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च स्पर्धेत, उतरला आणि अमेरिकन संघ त्याला सोडायला तयार होईना. दोन्ही संघांत भांडण जुंपलं, १९६५ चा हंगाम खेळून मुराकामी परतला. १९६७ मध्ये दोन्ही देशांच्या बेसबॉल प्रशासनांनी एकमेकांच्या खेळाडूंना हात न लावण्याचा करार केला. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं एकही जपानी खेळाडू मेजर लीगमध्ये दिसला नाही. त्या काळातल्या किती पिचरांची उमेदीची वर्षं तशीच गेली असतील, या विचाराने आजही हळहळ वाटते.

ही कोंडी पिचर हिदेओ नोमोने १९९५ मध्ये फोडली. जपानमधून ‘निवृत्त’ झालेल्या खेळाडूला परदेशी संघाशी करार करता येतो, ही नियमातली फट त्याच्या एजंटने हेरली. नोमो किंतेत्सु या आपल्या जपानी संघातून निवृत्त झाला आणि लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला. पहिल्याच मोसमात त्याने २३६ फलंदाज स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले. मग ती फट बुजवली गेली आणि १९९८ मध्ये ‘पोस्टिंग’ आलं. यात जपानी संघ आपला खेळाडू अमेरिकन संघांपुढे ठेवतो आणि मोबदला घेतो. पण ठेवायचा की नाही, हे संघाच्या मर्जीवर. दुसरा रस्ता फ्री एजन्सीचा, म्हणजे ठरावीक वर्षं खेळल्यावर आपला संघ स्वतः निवडण्याचा. १९९३ मध्ये आलेल्या या हक्कासाठी सुरुवातीला दहा वर्षं थांबावं लागे. आता परदेशी जाण्यासाठी मुख्य संघातले नऊ पूर्ण हंगाम लागतात. विद्यापीठातून बाविसाव्या वर्षी आलेला खेळाडू मग एकतिशीच्या आत सुटतच नाही, आणि दुखापत झाली तर आणखी पुढे.

पिचर कोजी उएहाराचं तेच झालं. विद्यापीठात असतानाच त्याच्यावर अमेरिकन संघाची नजर होती, पण तो योमिउरीकडे गेला. पुढे त्याने पोस्टिंगची मागणी वारंवार केली, संघाने ती मानली नाही. २००९ मध्ये तो ओरिओल्सकडून मैदानात उतरला तेव्हा ३४ चा झाला होता. २०१३ मध्ये बोस्टन रेड सॉक्सकडून त्याने दर नऊ डावांमागे सरासरी १.०९ धावा दिल्या आणि वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा, शेवटचा फलंदाजही त्यानेच बाद केला.

मासुमी कुवाताच्या वाट्याला असं काही आलं नाही. जपानमध्ये १७३ विजय मिळवलेला हा पिचर २००७ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सशी मायनर लीगचा, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पातळीचा, करार करून गेला. सराव सामन्यात अंपायरशी टक्कर होऊन त्याचा घोटा दुखावला. तरी तो थांबला नाही. १० जूनला, वयाच्या ३९ व्या वर्षी, तो यांकी स्टेडियममध्ये उतरला. एकूण १९ सामने, एकही विजय नाही, आणि पुढच्या मार्चमध्ये निवृत्ती. आकडे वाईटच आहेत. पण एवढं नाव कमावलेला माणूस तळापासून सुरुवात करायला तयार झाला, हे मला त्या आकड्यांपेक्षा मोठं वाटतं.

त्याच्या एक वर्ष आधी पिचर ताकाशी साइतो याच दाराने आत गेला होता. जपानमधल्या योकोहामा संघातली त्याची शेवटची वर्षं उतरणीचीच होती. ३६ व्या वर्षी डॉजर्सशी मायनर लीगचा करार, मग नेहमीचा क्लोझर (सामन्याच्या शेवटी येणारा पिचर) जखमी झाल्यावर बोलावणं, आणि त्या मोसमात २४ सेव्ह, म्हणजे आघाडी शेवटपर्यंत टिकवून जिंकून दिलेले सामने. पुढच्या वर्षी ३९ सेव्ह आणि लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार संघात जागा. २०१२ पर्यंत तो अमेरिकेत खेळला आणि मग आपल्या गावी, सेंदाईला, राकुतेन संघात परतला. २०१३ मध्ये राकुतेनने जपान सिरीज, म्हणजे जपानची अंतिम मालिका, जिंकली तेव्हा तो ४३ वर्षांचा होता.